मूठ

पावणेचारला राजेंद्रनगरात जागं असतं कोण?
रस्ता झाडणारं महापालिकेचं यंत्र,
त्याच्या मागे चालणारी दोन कुत्री,
आणि मी,
जॅकेटच्या आत छातीशी कालचं वर्तमानपत्र घडी करून.
मालव्याची रात्र देखणी, असं जे म्हणतात
ते जानेवारीत सायकल चालवत नसावेत.

सायकल जुनी. महूच्या एका लोको पायलटनं
बदली झाली म्हणून विकली,
पण दांड्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव राहिलंय:
बी. एल. डामोर.
धाप लागली की मी त्यालाच शिव्या देते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी
आम्ही सतरा जणांनी महेश्वरला जाऊन यायचंय.
जाऊन, आणि यायचंय. साडेतेरा तासांत.
घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी चष्मा काढून पुसला,
परत लावला आणि विचारलं,
"बसनं का नाही?"

तेजाजीनगरच्या पुढे दिवे संपतात.
लसणाच्या शेतांतून ओला, तिखट वारा येतो.
चढ मला जमतो. आडनाव मुंगी;
पोरं म्हणतात, "मुंगी मॅडम, आप तो दीवार भी चढ़ जाओगी."
चढाचं काही खोटं नसतं,
जो दम लागतो तो आपलाच असतो.
सियागंजातला मुर्तझा, नट-बोल्टचा धनी,
दर वळणाला उतरून मागच्या चाकाकडे संशयानं बघतो.
हवा दर वेळी बरोबर असते.

उताराचं बोला.
सिमरोलचा घाट चोरलकडे सुटतो
आणि माझी बोटं ब्रेकवर आवळतात.
ट्रकच्या जळक्या लायनरचा वास, थंडीत तळहाताला घाम.
तोषिताचा लाल दिवा
केव्हाच वळणाआड गेलेला.
पाच रविवार मी घाट असा उतरले,
जसं कपाट उतरवतात जिन्यावरून,
थांबत, टेकवत, पायरी पायरीनं.
खाली सगळे चहा संपवून बसलेले.
कुणी काही बोलत नाही.
जिनेंद्र पाटोदी फक्त एक कट अजून सांगतो.

सहाव्या रविवारी,
दोन वळणांमधल्या सरळ पट्टीवर,
एक आवाज ऐकू आला. माझाच.
सत्तावीस वर्षं लॅबच्या स्टुलावर बसून
दिवसाला चाळीसदा वापरलेला,
धुऊन धुऊन मऊ झालेला:

मूठ वळा. घट्ट. हां.
झालं, सुई गेली आत. सोडा आता मूठ.

सोडत नाहीत लोक. पैलवानसुद्धा.
त्यांना वाटतं, धरून ठेवलं तर कमी दुखेल.
मी म्हणते, अहो, धरलीत तर काळंनिळं पडेल.
सोडा.

आधी उजवी. मग डावी.
अगदी नाही सोडली;
बोटं लिव्हरवर ठेवली, नाडी बघताना ठेवतो तशी.
डामोर, सांभाळ रे.
छातीवरचं वर्तमानपत्र बोलायला लागलं,
डोळ्यांतून पाणी कानांकडे निघालं,
आणि रस्ता, जो इतके दिवस माझ्या अंगावर यायचा,
खालून जायला लागला.
एक वळण.
दुसऱ्याला पुन्हा आवळली, खोटं कशाला सांगू.
तिसऱ्याला निम्मी.

खाली पोचले तर चहा अजून उकळत होता.
"ओ भिया!" एवढंच म्हणाला मुर्तझा,
आणि सरकून बाकावर जागा केली.

नवाला लॅब. कोटाखाली मांड्या लटलटताहेत.
पहिला पेशंट उपाशीपोटी आलेला,
बाही वर, मान तिकडे, डोळे मिटून.
"दुखेल का?"
एरवी मी म्हणते, मुंगी चावल्यासारखं,
आणि आडनावावर हशा पिकतो.
आज म्हटलं, थोडं.
त्यानं मूठ वळली.
मी शीर शोधत बसले, जरा जास्तच वेळ.

अजून तीन रविवार आहेत.
मानपूरचा घाट, म्हणतात, ह्याहून उभा आहे.